नकलेचा तास

५ जुलै

नवी वही सुरू करायला काहीतरी कारण लागतं, ते आज मिळालं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये प्रिन्सिपल मॅमनी जाहीर केलं, की सहावी ते आठवीचं आर्ट इंटिग्रेशन यंदा सुनेत्रा मॅम सांभाळतील. सुनेत्रा मॅम म्हणजे मी. टाळ्या पडल्या. त्यातल्या निम्म्या टाळ्या 'सुटलो बुवा' अशा आवाजाच्या होत्या. हे न कळण्याइतकी मी स्टाफरूममध्ये नवी नाही.

बोर्डाचं म्हणणं वाईट नाही. गणित असो, विज्ञान असो, इतिहास असो, कलेचा हात धरून शिकवा. पण गाझियाबादच्या आमच्या शाळेत त्याचा अर्थ आजवर एवढाच होता, की मुलांच्या आयांनी रविवारी थर्माकोलवर काहीतरी चिकटवायचं, सोमवारी त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि आठवड्याभरात ते कचऱ्यात. मी विज्ञान शिकवते. माझ्या हाताखालून थर्माकोलच्या किती पेशी अशा गेल्या, देव जाणे. हे सगळं बदलून दाखवायचं, असं मी मीटिंगमध्ये बसल्या बसल्याच ठरवलं.

घरी नीरजला सांगितलं. तो नोएडाच्या ट्रॅफिकमधून नुकताच सुटून आला होता. "म्हणजे आता रविवारीपण शाळा," एवढंच म्हणाला आणि चहा मागितला. मयुराचा चेहरा मात्र पडला. ती माझ्याच शाळेत, सातवी 'ब'मध्ये आहे.

"आई, माझ्या क्लासमध्ये नको ना यार काही करू."

"का गं?"

"ऑकवर्ड होतं."

बारा वर्षांच्या मुलींना आपल्याला आई आहे हेच ऑकवर्ड वाटतं. मी हसून सोडून दिलं.

१६ जुलै

स्टाफरूममध्ये माझी योजना मांडली. गणिताचे राघव सर म्हणाले, "मॅम, तो अब मैं फ्रॅक्शन पर भरतनाट्यम करवाऊँ?" सगळे हसले. मीही हसले, कारण न हसून सांगते कोणाला. पण आतून जळफळाट झाला. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं सगळीकडे असतात.

खरं सांगायचं तर माझ्याकडे योजना अशी नाहीच. वारलीच्या आकृत्यांतून भूमिती, गाण्यातून पाढे, हे सगळं इतरांचं करून झालेलं. स्वतःचं काही सुचत नाही. हे मी फक्त इथेच लिहू शकते.

३ ऑगस्ट

सापडलं! आणि ते माझ्याच घरात होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

संध्याकाळी मयुराच्या खोलीतून हेमलता मॅमचा आवाज आला. हेमलता मॅम आमच्या इतिहासाच्या शिक्षिका, मूळच्या गढवालच्या. मी चमकलेच, या घरी कधी आल्या? दार किलकिलं होतं. आत मयुरा एकटी, हातात पट्टी, समोर उशा ओळीने मांडलेल्या. विषय तुघलकाचा. "बच्चो, सोचो ज़रा. सुलतान ने कहा, उठाओ दिल्ली, चलो दौलताबाद! अब बताओ, दादी को कौन उठाएगा?" मग एक छोटा थांबा, ओठांचा डावा कोपरा किंचित खाली, आणि त्यावर रुमालाची हलकी टीप. पुन्हा, "दादी को कौन उठाएगा, बोलो?"

हुबेहूब. रुमालसुद्धा! तीन वर्षांपूर्वी हेमलता मॅमच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. बऱ्या झाल्या, पण ओठाचा तो कोपरा अजून नीट उचलत नाही, म्हणून हातात सतत रुमाल. स्टाफमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मी दाराबाहेर तोंडावर ओढणी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

नंतर विचारलं तर म्हणाली, "मी असाच अभ्यास करते ना. मॅम बनले की लक्षात राहतं." उशांना शिकवून झालं की धडा पाठ. पुस्तक उघडावंच लागत नाही. आणि मी मेली वर्षभर हिच्यामागे 'पुस्तक उघड, पुस्तक उघड' करत होते.

हीच माझी योजना. मुलांनी शिक्षक व्हायचं, कोणाच्या तरी आवाजात, कोणाच्या तरी लकबीत धडा शिकवायचा. अभिनयातून अध्ययन. नाव कसं वाटतं?

१९ ऑगस्ट

सातवी 'ब'मध्ये पहिला तास झाला. मुलांनी त्याला लगेच 'नकल पिरियड' करून टाकलं. असू दे. पाच-पाच गुणांचे चार भाग केले आहेत: आवाज, हावभाव, विषयाची समज, सादरीकरण. गुण नसले तर पालक विचारतात, की मग हे करायचं कशाला.

सुरुवात मयुराने करावी असं मला वाटत होतं. ती नको म्हणाली. "ते असं सांगून नाही येत, आई." मी म्हटलं, सवयीने येतं. उठली, आमच्या सोसायटीच्या गार्डच्या आवाजात पचनसंस्था शिकवली, आणि अगदी लाकडासारखी उभी राहून शिकवली. मी तिला सर्वांत कमी गुण दिले. आपल्या पोरीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको.

घरी येताना गाडीत बोलली नाही. तिला सगळं कळतं, उगीच तोंड फुगवते.

१२ सप्टेंबर

तास जोरात चालू आहे. आठवीनेही मागणी केली. एका मुलाने कुल्फीवाल्याच्या आवाजात उत्कलनांक आणि गोठणबिंदू असे समजावले, की मीसुद्धा पुढच्या वर्षीपासून तसेच समजावीन. प्रिन्सिपल मॅम खूश आहेत. राघव सर आता भरतनाट्यमचं नाव काढत नाहीत.

आज मात्र जिन्यात हेमलता मॅम भेटल्या. म्हणाल्या, "सुनेत्रा जी, मयुरा से कहिए, मैं रुमाल दाएँ हाथ में रखती हूँ. वो बाएँ में पकड़ती है." आणि वर निघून गेल्या.

ह्यांना कोणी सांगितलं? त्या रागावल्या की काय, हे चेहऱ्यावरून ओळखायची सोय नाही, कारण त्यांचा अर्धा चेहरा हसतच नाही. मी घरी येऊन मयुराला जिन्यातलं सांगितलं आणि तंबी दिली, हेमलता मॅमची नक्कल बंद. ती म्हणाली, "पण त्यांना..." मी म्हटलं, पण नाही आणि बिण नाही. मुलीने डाव्या-उजव्या हाताचं मात्र लक्षात ठेवलेलं दिसलं. मान हलवून म्हणाली, "हां, राइट."

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर हवा इतकी बिघडली की शाळा पुन्हा ऑनलाइन. खिडकीतून समोरचा टॉवर दिसत नाही. घशात खवखव, डोळ्यांत आग, आणि त्यात डिसेंबरमध्ये बोर्डाची माणसं आमचं आर्ट इंटिग्रेशन बघायला येणार आहेत. एवढ्या शाळांतून आमची निवडली. म्हणजे माझा तास निवडला.

ऑनलाइन नकला जमत नाहीत. एकाचं नेट जातं, दुसऱ्याची आजी मागून विचारते, 'बेटा, नाश्ता?'

२१ नोव्हेंबर

आज काय झालं ते सविस्तर लिहिते.

नकलेचा तास चालू होता आणि न सांगता प्रिन्सिपल मॅम जॉइन झाल्या. बोर्डाला काय दाखवायचं ते बघायला. आणि नेमकं तेव्हाच सगळं ढेपाळलं. पहिल्या मुलाचा आवाज फाटला, दुसरी लाजून कॅमेरा बंद करून बसली, तिसऱ्याला धडाच येत नव्हता. प्रिन्सिपल मॅमचा चौकोन कोपऱ्यात, हाताची घडी घातलेला.

मी म्हटलं, "मयुरा, तुघलक करो."

ती पलीकडच्या खोलीत होती, पण स्क्रीनवर आम्ही मॅम आणि विद्यार्थिनी. म्हणाली, "मॅम, कोई और कर लूँ?"

"वही करो जो घर में करती हो."

मग तिने केलं. आणि काय केलं! दौलताबादची वाट, रडणारी म्हातारी, मेलेले बैल, मधूनच रुमालाची टीप, उजव्या हाताने. सगळे चौकोन हसत होते. प्रिन्सिपल मॅम मान मागे टाकून हसल्या. मी बिनघोर झाले. गेल्या कित्येक दिवसांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

तासानंतर तिच्या खोलीत जाऊन तिला जवळ घेतलं. तिने अंग चोरलं. थकली असेल.

२३ नोव्हेंबर

कोणत्या तरी मुलाने ते रेकॉर्ड करून मित्रांना पाठवलं. तिथून पालकांच्या ग्रुपवर. एका आईने लिहिलं, 'टीचर की बीमारी का मज़ाक, और इसे आर्ट कहते हैं?' मग बाकीच्या तुटून पडल्या. 'और बच्ची भी टीचर की ही है.'

प्रिन्सिपल मॅमचा फोन आला. आपण स्वतः हसलो होतो हे त्या विसरल्या. "सुनेत्रा, बोर्ड विज़िट सिर पर है. या तो ये प्रोग्राम बंद, या ये मामला आप ख़त्म कीजिए. जल्दी." मी म्हटलं, मी बघते.

प्रोग्राम बंद करणं मला शक्य नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी स्वतःचं उभं केलं आहे. चूक झाली तर चूक मान्य करावी आणि पुढे जावं. सोमवारी शाळा उघडते आहे. मयुरा असेंब्लीत सगळ्यांसमोर हेमलता मॅमची माफी मागेल. पालकांची तोंडं बंद होतील आणि मुलीलाही धडा मिळेल.

नीरजने विचारलं, "हेमलता मॅमशी बोललीस?"

"त्यात बोलायचं काय? कोणत्या तोंडाने बोलू?"

"त्यांची माफी मागायची आणि त्यांनाच विचारायचं नाही?"

ह्याला शाळेतलं राजकारण काय कळणार. मयुरा म्हणाली, "पण मॅमना राग नाहीच आलाय, आई."

"तुला काय माहीत?"

"माहितीये मला. मी त्यांना उद्या फोन करून..."

"काही फोनबिन करायचा नाही! आधी माफी, मग बाकीचं."

"आणि तूच करायला सांगितलंस ना."

हे खरं आहे. हे मी इथे लिहिते, पण तिला म्हटलं, "मी तुघलक कर म्हटलं होतं, रुमाल कर म्हटलं नव्हतं." ती उठून गेली.

२५ नोव्हेंबर

झालं एकदाचं.

मजकूर मीच लिहून दिला होता. सरळ, नम्र, मोजका. मयुरा माइकसमोर उभी राहिली आणि एकदाही न अडखळता म्हणाली, "हेमलता मॅम के चेहरे को जो बीमारी हुई थी, मैंने उसका मज़ाक उड़ाया. किसी की तकलीफ़ पर हँसना कला नहीं है. मैं दिल से माफ़ी माँगती हूँ." सहावीच्या रांगांतली मुलं एक एक करून मागे वळून हेमलता मॅमकडे बघायला लागली. त्यांना बहुधा हे माहीतच नव्हतं. हेमलता मॅमचा रुमाल ओठापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. मग त्यांनी तो पर्समध्ये ठेवून दिला. त्यांना भरून आलं असावं.

प्रिन्सिपल मॅम माझ्या कानात म्हणाल्या, "बहुत मॅच्योर बच्ची है." मला त्या क्षणी अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे. मयुराचे हात मात्र घरी येईपर्यंत थंड होते. हवाच तशी आहे.

१२ डिसेंबर

बोर्डाची माणसं आली, बसली, लिहून घेऊन गेली. आमचा तास त्यांना नमुनेदार वाटला. इतर शाळांना दाखवायला चित्रण मागितलं आहे. मयुराला मी या वेळी घेतलं नाही, उगीच विषय नको. ती मागे बसून इतरांसाठी टाळ्या वाजवत होती. राघव सरांनी पेढे मागितले.

इतकं सगळं मनासारखं झालं, आणि घरी आल्यावर मला कोणाला सांगावंसंच वाटेना.

१८ जानेवारी

लक्ष्मीबाई नगरला विजयाताईंकडे हळदीकुंकू होतं. त्यांचे मिस्टर केंद्र सरकारात आहेत, आणि त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये संक्रांतीला दिल्लीतल्या निम्म्या मराठी बायका जमतात. दरवर्षी तिळगूळ वाटून झाला की सगळ्या मयुराभोवती कोंडाळं करतात. मागच्या वर्षी तिने विजयाताईंचीच नक्कल केली होती, उखाण्यात नवऱ्याचं नाव घेताना मध्येच शिंक येते ती. विजयाताई हसून हसून खुर्चीतून घसरल्या होत्या.

या वर्षीही "चलो मयुरा, सुरू कर" झालं. ती म्हणाली, "मी आता नाही करत, मावशी," आणि वाणाच्या पिशव्या वाटायला लागली. शांतपणे, हसतमुखाने. मी म्हटलं, मोठी झाली आता.

निघताना विजयाताईंनी मला दाराशी धरलं. "अगं, ही आज कोणाची मुलगी घेऊन आलीस? आपली मयुरा कुठे आहे?" त्यांना सगळ्याची थट्टा करायची सवयच आहे. मीही हसले. पण मेट्रोत परत येताना मयुरा शेजारी बसून मोबाइलमध्ये बघत होती, आणि समोर एक आजोबा झोपेत डुलत डुलत शेजारच्या माणसाशी भांडत होते. पूर्वी तिने मला कोपराने ढोसलं असतं. मी तिला ढोसलं. तिने वर बघितलं, "हं, फनी," म्हणाली आणि पुन्हा खाली बघितलं.

९ फेब्रुवारी

हवा आता स्वच्छ आहे. समोरचा टॉवर दिसतो, त्यावरचे वाळत घातलेले कपडेही दिसतात. सगळ्यांचे मास्क कधीच गेले. हेमलता मॅम मात्र अजून लावतात. वर्गातही. मी म्हटलं, धुळीची ॲलर्जी असेल. राघव सर म्हणाले, "मॅम, नवंबर से लगा रही हैं. असेंब्ली के अगले दिन से." आणि मग ते वह्या तपासायला लागले, पण त्यांनी ते मला मुद्दाम सांगितलं हे कळण्यासारखं होतं.

युनिट टेस्टमध्ये मयुराला इतिहासात काठावर गुण पडले आहेत. रोज पुस्तक उघडून बसते, तासन् तास.

२० फेब्रुवारी

आज मला जे कळलं ते जसंच्या तसं लिहिते.

हेमलता मॅमनी पुढच्या वर्षी वर्ग नको, लायब्ररी द्या, असा अर्ज केला आहे. प्रिन्सिपल मॅमनी मला सांगितलं, तेही असंच, बोलता बोलता. मी सुट्टीत लायब्ररीत गेले. त्या मागच्या टेबलाशी एकट्या बसून डबा खात होत्या, म्हणून मास्क काढलेला होता. मला बघून त्यांनी तो घाईने वर ओढला.

मी म्हटलं, मयुराचं मनावर घेऊ नका, लहान आहे, चुकली.

त्या बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मयुरा ने मुझे पिछले साल ही दिखाया था. इसी कमरे में. मैंने ही कहा था, दिखा. मैं इतना हँसी थी, सुनेत्रा जी. बीमारी के बाद मैंने शीशा देखना छोड़ दिया था. उसने दिखाया तो पहली बार लगा, अरे, इतना बुरा तो नहीं दिखता."

मी खुर्चीवर बसले.

"बच्चों को मालूम ही नहीं था कि बीमारी है. वो समझते थे मैडम की अदा है. छोटे-छोटे बच्चे टिश्यू लेकर मेरी तरह होंठ पोंछते थे, खेल में. मुझे अच्छा लगता था." त्यांचा हात रुमालासाठी पर्सकडे गेला आणि परत आला. "उस असेंब्ली के बाद सब आदर से बात करते हैं. कोई मेरे चेहरे की तरफ़ नहीं देखता. दीवार की तरफ़ देख कर जवाब देते हैं. ऐसे में कैसे पढ़ाऊँ?"

मी म्हटलं, "आपने उसी दिन रोका क्यों नहीं?"

"आपने पूछा कब?"

साप साप म्हणून भुई धोपटली मी. सापही नव्हता, आणि धोपटली ती दोन जिवंत माणसं. पालकांच्या ग्रुपची भीती, बोर्डाची भीती, माझ्या तासाचं नाव. सगळ्याची भीती वाटली, फक्त या बाईंच्या टेबलापर्यंत चालत येऊन एक शब्द विचारायचं सुचलं नाही. नीरजने सांगितलं होतं. मयुराने सांगितलं होतं. जिन्यात तर या स्वतः सांगून गेल्या होत्या, आणि मी त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर राग शोधत बसले.

उठताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांनी तसं करायला नको होतं. म्हणाल्या, "बिटिया को डाँटिएगा मत. वो हर किसी की नहीं उतारती. जो उसके दिल में बैठ जाए, बस उसी की. इतना तो आपको मालूम ही होगा."

मला मालूम नव्हतं. मी तिची आई आहे, तिच्या या गुणावर मी गुण दिले, तक्ते बनवले, बोर्डाकडून शाबासकी घेतली, आणि मला एवढंही मालूम नव्हतं.

२२ फेब्रुवारी

प्रिन्सिपल मॅमना म्हटलं, असेंब्लीत आता मी माफी मागते. मी करायला लावलं होतं असं सांगते. त्या म्हणाल्या, "अब वो चैप्टर बंद है, सुनेत्रा. फिर से खोलोगी तो हेमलता को ही तकलीफ़ होगी." त्यांचं नेहमी स्वतःच्या सोयीचं असतं, पण या वेळी खरंही होतं. बोलून मोकळं होण्याची चैन आता मला नाही.

नकलेचा तास पुढच्या वर्षी पाचवीपासून लावणार आहेत. मी त्यातून नाव काढून घेतलं. राघव सर बघतील.

८ मार्च

उद्यापासून मयुराची वार्षिक परीक्षा. पहिला पेपर इतिहासाचा. ती जेवणाच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसली होती, हातात पिवळा हायलायटर. नीरज सोफ्यावर होता. मी बरेच दिवस जे तोंडात घोळवत होते, ते शेवटी तिच्या शेजारी बसून बोलले.

"मयुरा, माझं चुकलं. तू नको म्हणत असताना मी तुला करायला लावलं, आणि मग त्याचीच माफी मागायला लावली. मॅमना विचारलं नाही, तुझं ऐकलं नाही. मी फक्त माझं नाव वाचवलं."

"इट्स ओके, आई."

"ओके नाहीये गं."

"अगं खरंच. मॅम आणि मी बोललो नंतर. चलता है." आणि तिने पान उलटलं. ती रागावली असती, हात झटकून आत गेली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याशी पाहुण्यांशी बोलतात तसं छान बोलत होती.

नीरजला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. म्हणाला, "मयुरा, आईला तिचीच करून दाखव ना. आता काय हरकत आहे?"

"माझी?" मला हे नवीन होतं. "माझी नक्कल करते ही?"

"करते म्हणजे? हातखंडा प्रयोग! तू पालक-मीटिंगला गेलीस की आमचा शो असायचा. तू भाजीवाल्याशी हिंदीत भांडतेस ना, 'भैया, ये मेथी है की घास है,' ते. आणि मग पुण्याला फोन लावून एकदम वेगळ्या आवाजात 'हो का, अय्या' करतेस ते. मी तर लोळायचो हसून."

मला इतका आनंद झाला, की मला लाज वाटली. हेमलता मॅमचं 'जो उसके दिल में बैठ जाए' हे वाक्य माझ्या मनात होतं. मी म्हटलं, "दाखव ना गं मला. एकदाच. शप्पथ रागावणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हायलायटरला टोपण लावलं आणि खरंच उठून उभी राहिली. तिला करायचं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मला बरं वाटावं म्हणून करायचं होतं. तिने माझी ओढणी खुर्चीवरून उचलून खांद्यावर टाकली, एक हात कमरेवर ठेवला, हनुवटी वर केली. नीरज आधीच हसायला लागला होता. तिने तोंड उघडलं.

आणि तशीच उभी राहिली. माझ्याकडे निरखून बघत राहिली, चेहऱ्याकडे, हातांकडे, वर्गात न कळलेल्या फळ्याकडे बघावं तशी. कमरेवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. नीरजचं हसू थांबलं.

"येत नाहीये," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सॉरी, आई. मी खरंच ट्राय केलं."

"राहू दे गं," मी म्हटलं. "अभ्यास कर."

तिने ओढणी घडी करून खुर्चीवर ठेवली, बसली आणि पुस्तक पुढे ओढलं. नीरज बाल्कनीत गेला. ती मान खाली घालून एकेका ओळीवर पिवळी रेघ मारत राहिली, आणि मी तिच्या शेजारी बसून राहिले, कारण मला उठताही येत नव्हतं.